बिरड्याची शाळा

रोह्यात कुंडलिकेच्या काठाजवळ एका आळीत एक आई राहत होती. तिचं माहेर कोर्लई. रोह्यावरून गेलेली कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे एका काठाला रेवदंडा आणि दुसऱ्या काठाला, किल्ल्याच्या पायथ्याशी, कोर्लई आहे. तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत ती लहानाची मोठी झाली आणि लग्न होऊन नदीच्या वरच्या अंगाला, रोह्याला आली. नवरा धाटावच्या कारखान्यात कामाला होता, त्याची पाळी सारखी बदलायची. घरात दोन मुलं. थोरली पाच वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा.

लग्नाआधी ती एका दुकानात हिशेब लिहायची. मुलं झाल्यावर नवराबायकोनं बसून विचार केला. एका पगारात भागवायचं तर हात आखडूनच राहावं लागणार होतं. तरीही मुलं शाळेत जाऊ लागेपर्यंत तिनं घरी राहावं, असं दोघांनी ठरवलं. हे दिवस परत मिळणार नाहीत, हे दोघांनाही कळत होतं.

मुलं दिवसभर तिच्या अवतीभवती असायची. ती तांदळाची भाकरी थापायला बसली की थोरली पिठाची सुपारीएवढी गोळी घेऊन शेजारी थापत बसे. ती धुणं वाळत घालू लागली की धाकटा एकेक चिमटा हातात देई. तोंडं दोघांचीही चालू.

"आई, पाऊस तर कधीच संपला, मग नदीला पाणी कुठून येतं?"

आई हातातलं काम न थांबवता सांगायची, "वर भिऱ्याला वीज तयार करतात. मुळशीच्या धरणाचं पाणी डोंगरावरून तिथे उतरतं, वीज करून झाली की आपल्या नदीला मिळतं."

"आणि मग पुढे कुठे जातं?"

"आजीच्या गावाला."

हे ऐकल्यापासून थोरली नदीकाठी गेली की पाण्याला सांगायची, "आजीला सांग, आम्ही नाताळात येतोय."

संध्याकाळी घरात माळेची प्रार्थना व्हायची. धाकटा आईच्या मांडीवर बसून माळेचा एकेक मणी पुढे सरकवायचा. दहा मणी झाले की एक मोठा मणी, मग पुन्हा दहा. दहापर्यंतचे आकडे त्याला कुणी शिकवले नव्हते, ते त्याच्या बोटांना आपोआप कळले होते.

सगळं बरं चाललं होतं. पण आळीतल्या बायका दुपारी ओटीवर बसल्या की मुलांच्या शाळेच्या गोष्टी निघायच्या. एकीचा मुलगा तीन वर्षांचाच, पण नर्सरीत जाऊन एबीसीडी लिहू लागला होता. दुसरीची मुलगी शंभरापर्यंत आकडे म्हणून दाखवायची. मग कुणीतरी सहज विचारायचं, "तू तर घरीच असतेस. काय काय शिकवलंस मुलांना?"

या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नसे. आपण काही शिकवतच नाही, असं तिला वाटू लागलं. रात्री झोप लागेना. आपण घरी राहायचं ठरवलं ते याचसाठी ना, मग मुलं मागे पडली तर दोष कुणाचा?

तिनं बाजारातून अक्षरांचे तक्ते आणले, चार रेघी वह्या आणल्या, पेन्सिली आणल्या. सकाळी स्वयंपाक उरकायचा आणि दहा ते बारा मुलांना अभ्यासाला बसवायचं, असा नेम केला. स्वयंपाक लवकर उरकावा म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. "मध्ये मध्ये करू नका, खेळा तिकडे," असं ती सांगू लागली. अभ्यासाला बसल्यावर थोरली 'अ' गिरवायची. तिची बोटं दुखायची, पेन्सिल घसरायची, 'अ' चा काना वाकडा जायचा. आई खोडायची आणि म्हणायची, "पुन्हा काढ." धाकटा पाच मिनिटांत उठून पळायचा, त्याला धरून आणावं लागायचं. एखाद्या दिवशी रडारड व्हायची. पण वहीची पानं भरत होती आणि ती भरलेली पानं पाहून आईला हायसं वाटत होतं.

जानेवारीत पेणला नवऱ्याच्या आत्याबाईंकडे जायचं ठरलं. रोह्याहून गाडी सुटली. निडी गेलं, नागोठणं गेलं, कासू आलं. दोन्ही बाजूंना कापलेल्या भातशेतांत वालाचे हिरवे पट्टे दिसत होते. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवरच हा वाल होतो. मागच्या वर्षी याच गाडीत थोरलीनं प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. हे कसलं शेत, गाडी इथेच का थांबते, तो माणूस हिरवं निशाण का दाखवतो. या वेळी ती खिडकीशी बसून गप्प बाहेर पाहत होती. आईला वाटलं, मोठी झाली, शहाणी झाली.

आत्याबाईंच्या शेजारी गणपतीचा कारखाना होता. गणपतीला अजून सात-आठ महिने असले तरी पेणच्या कारखान्यांना तेव्हा सुट्टी नसते. काम वर्षभर चालू असतं. आत साच्यातून नुकत्याच काढलेल्या शाडूच्या मूर्ती ओळीनं सावलीत सुकत ठेवल्या होत्या. एका बाजूला दोन बायका सोंडेवर ओला हात फिरवून सांधे मिटवत होत्या. मूर्तिकार म्हातारे होते. आत्याबाईंचा त्यांच्याशी घरोबा होता.

थोरली दारात उभी राहून पाहू लागली. म्हाताऱ्यांनी मळलेल्या शाडूचा एक गोळा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे बाळा. कर काय करायचं ते."

पोर गोळा हातात धरून तशीच उभी राहिली. "काय करू?"

"तुला वाटेल ते. उंदीर कर, होडी कर."

"कसं करायचं ते दाखवा ना, आजोबा."

"असंच. कर बघू."

तिनं एकदा मातीकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "चुकलं तर?"

म्हातारे तिच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी आईला विचारलं, "सूनबाई, शाळेत जाते का ही?"

"नाही काका, अजून घरीच शिकवते मी."

म्हातारे म्हणाले, "माझा सगळा जन्म मातीत गेला. माती मी वळवीन तशी वळते, मला उलटून काही विचारत नाही. लोक म्हणतात, पोरं म्हणजे मातीचा गोळा, द्याल तो आकार घेतात. मला ते कधी पटलं नाही. मातीला चुकण्याची भीती वाटत नाही. हिला वाटायला लागलीय. पोरांना विचारू द्यावं, सूनबाई. विचारणं बंद झालं की शिकणं बंद झालं."

आई काही बोलली नाही. पण परतीच्या गाडीत ती मुलीकडेच पाहत होती. तेव्हा तिला कळलं की पोर शहाणी होऊन गप्प झालेली नाही. घरातलं एक दार बंद झालं होतं, म्हणून ती गप्प झाली होती. या सगळ्या दिवसांत तिनं नदीबद्दल एकदाही काही विचारलं नव्हतं.

त्या रात्री मुलं झोपल्यावर आईनं रोजच्यासारखं शुभवर्तमान उघडलं. येशूचे दाखले ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्या रात्री मात्र ते वाचताना तिचं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. एवढा मोठा गुरू, पण दाखले कशाकशाचे? एक बाई तीन मापं पिठात खमीर कालवते, त्याचा. दिवा लावून तो दिवठणीवर ठेवण्याचा. जुन्या कपड्याला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावण्याचा. एका बाईचं एक नाणं हरवतं आणि ती दिवा लावून सगळं घर झाडून काढते, त्याचा. मिठाचासुद्धा.

हे सगळं त्यानं कुठे पाहिलं असेल, असा विचार तिच्या मनात आला. नासरेथच्या एका साध्या घरात पाहिलं असेल. मरिया पीठ मळत असेल तेव्हा तो शेजारी बसला असेल. पीठ फुगतं कसं, हे त्यानं विचारलं असेल, आणि आईनं हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं असेल. पुढे बारा वर्षांचा असताना तो यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडला. तिथे तो काय करत होता? त्यांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. ज्या मुलाला घरी कुणी गप्प केलेलं नाही, तोच मोठ्यांमध्ये बसून असं विचारू शकतो.

मग तिला आपल्या माहेरची बोली आठवली. कोर्लईच्या ख्रिस्ती घरांमध्ये पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळीतून झालेली एक बोली चालते. चौलला पोर्तुगीजांचं ठाणं होतं, तेव्हापासूनची ती. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले. त्यांच्या मागे ही बोली टिकून राहायला ना तिची शाळा होती, ना क्रमिक पुस्तक, ना परीक्षा. तरी पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ती एका छोट्याशा गावात जिवंत राहिली आहे. चुलीपुढे, विहिरीवर, मासळी साफ करताना आया मुलांशी त्या बोलीत बोलत राहिल्या आणि मुलं ती शिकत राहिली. तिलाही ती तशीच आली होती. शाळेत जायच्या आधी तिला दोन भाषा येत होत्या आणि कुणी एकदाही 'पुन्हा काढ' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वयंपाकघराचं दार उघडं टाकलं.

पेणहून निघताना आत्याबाईंनी पिशवीभर कडवे वाल दिले होते. तिनं दोन वाट्या वाल काढले आणि मुलांना जवळ बोलावलं. "आपण बिरडं करू या. पण आज खायला मिळणार नाही हं. परवा मिळेल."

"परवा का?" थोरलीनं विचारलं.

कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून 'का' आला होता. आईनं हातातली वाटी खाली ठेवली. "सांगते. आधी हे निवडू या."

दोघांनी ताटात वाल पसरले. किडके, फुटके एका बाजूला, चांगले एका बाजूला. खडा सापडला की धाकटा ओरडायचा. मग वाल पाण्यात भिजत घातले. सकाळी पाहिलं तर वाल फुगून भांड्यातलं पाणी कमी झालं होतं. "पाणी कुणी प्यायलं?" धाकटा विचारू लागला. थोरलीनं एक फुगलेला आणि एक कोरडा वाल तळहातावर शेजारी शेजारी ठेवला आणि म्हणाली, "यानंच प्यायलं." नंतर वाल निथळून फडक्यात बांधून ठेवले. त्याच्या दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर प्रत्येक वालाला पांढरा मोड.

"शेपूट आलं!" धाकटा नाचायला लागला.

"शेपूट नाही रे, मोड. हा जमिनीत गेला तर पुढे काय होईल?"

कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून चार वाल बाजूला काढून एका रिकाम्या डब्यात माती घालून त्यात पेरले. थोरलीनं मुद्दाम दोन वालांचे मोड वर करून लावले. पाहू या, ते काय करतात.

बाकीचे वाल आईनं कोमट पाण्यात टाकले आणि तिघं सोलायला बसली. मोड आलेला वाल चिमटीत धरायचा, अंगठा आणि तर्जनीनं हलकेच दाबायचा, की साल मागे राहते आणि आतली डाळिंबी टुणकन बाहेर येते. जोरात दाबलं तर मोडते, हलकं दाबलं तर निघत नाही. पहिल्या पाच-सहा डाळिंब्या थोरलीच्या हातून मोडल्या. आई म्हणाली, "मोडक्या पण चालतात, आमटीत जातात." मग पोरीच्या बोटांना दाब कळला. धाकट्यानं दहा डाळिंब्या झाल्या की एक ढीग असे ढीग लावले, माळेच्या मण्यांसारखे. ढीग किती झाले, ते थोरलीनं मोजून सांगितलं. संध्याकाळी बाबा पाळीवरून आले, तेव्हा बिरड्यात कुठली डाळिंबी कुणी सोललेली, यावरून ताटावर वाद झाला.

काही दिवसांनी डब्यातली माती उकरून पाहिली. मोड वर करून लावलेल्या वालांचंही मूळ वळून खालीच गेलं होतं. थोरली बराच वेळ ते पाहत राहिली. मग विचारलं, "त्याला अंधारात खाली कुठे आहे ते कसं कळतं?" आईला उत्तर येत नव्हतं. तिनं तसं सांगितलं, "मला नाही माहीत. आपण कुणालातरी विचारू."

त्यांनी आळीतल्या अंगणवाडीच्या ताईंना विचारलं. ताई त्यांच्या परीनं समजावून सांगून आईला म्हणाल्या, "तुम्ही घरी जे करताय ना, तेच आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. तुमचे वाल त्यातलेच. आणि लिहायची घाई करू नका. पहिलीचं वय आता सहा पूर्ण धरतात. नव्या शैक्षणिक धोरणातही म्हटलंय, मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते. त्या वर्षांत मुलाला हाताला काम आणि कानाला बोलणं हवं."

तक्ते तिनं फेकले नाहीत. भिंतीवर लावून ठेवले. थोरलीला वाटेल तेव्हा ती तक्त्यापाशी जाऊन विचारायची, "वालाचा 'व' कुठला?" मग तो सापडायचा. मग 'विहीर' मध्येही तोच 'व' आहे, हा शोध लागायचा. वही आता तिची ती मागून घ्यायची. डाळिंब्या सोलून बोटांत आलेला जोर पेन्सिलीला उपयोगी पडू लागला होता.

आळीतली एक शेजारीण हे सगळं पाहत होती. ती पहाटे उठून मासळी घेऊन बाजारात बसायची, दुपारी थकून घरी यायची. एक दिवस ती म्हणाली, "तुझं बरं आहे बाई. तू दिवसभर घरात असतेस. माझ्यासारखीनं काय करायचं? माझा पोरगा आजीजवळ वाढतो."

आई म्हणाली, "वहिनी, मीही दिवसभर घरातच होते आणि तेव्हाच माझी पोर गप्प झाली होती. मी जवळ होते, पण तिच्याबरोबर नव्हते. तुम्ही संध्याकाळी उरलेली मासळी साफ करता ना? त्याला शेजारी बसवा. हा बांगडा, हा बोंबील, याला खवलं का, त्याला का नाहीत. तो विचारेल, तुम्ही सांगा. तुमच्याइतकं त्यातलं कुठल्या पुस्तकाला येतं?"

शेजारणीनं तसं केलं. थोड्याच दिवसांत तिचा पोरगा आळीतल्या मुलांना मासळीची नावं शिकवू लागला.

जूनमध्ये थोरली पहिलीत गेली. पहिले काही आठवडे तिला शेजारच्या मुलांइतकं भराभर लिहिता येत नव्हतं. आईच्या पोटात थोडी कालवाकालव झाली, पण ती थांबली. दिवाळीपर्यंत अक्षरं आपापल्या जागी आली. पालकांच्या सभेत बाईंनी आईला थांबवून सांगितलं, "तुमची मुलगी वर्गात प्रश्न विचारते. आणि उत्तर मिळालं की लक्ष देऊन ऐकते. दोन्ही येणारी मुलं थोडी असतात."

घरी येताना आईनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि धाकट्यासाठी बाजारातून पुन्हा कडवे वाल घेतले.

तात्पर्य : लहान मुलाची पहिली शाळा म्हणजे त्याच्या आईबापाचं रोजचं काम, आणि त्या कामात त्याला दिलेली जागा. तक्ते, वह्या, फी यांच्याआधी मुलाला हवा असतो त्याच्या 'का' ला थांबून उत्तर देणारा माणूस. उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, चल शोधू' हेही उत्तरच आहे. दिवसभर घरात असणाऱ्या आईनं हे विसरू नये, आणि दिवसभर बाहेर राबणाऱ्या आईनं स्वतःला कमी समजू नये. जे मूल न भिता विचारायला शिकलं, त्याला पुढचं सगळं शिकता येतं.